दोन पिशव्या आणि विसरलेले तेल

एकदा एक बाई होती, आणि निम्मे गाव तिच्या पायांवर न्हालेले होते. हा अलंकार नव्हे. बाळ जन्माला आले की सव्वा महिना त्याला आणि त्याच्या आईला तेल लावायचे, न्हाऊ घालायचे, शेकायचे, हा तिचा व्यवसायच होता. पाटावर बसून ती पाय समोर लांब करी, दोन नडग्यांच्या मधल्या पन्हाळीत बाळाला निजवी आणि तांब्याने कोमट पाणी सोडी. आज जे गृहस्थ सभेत खुर्चीवर बसून चार लोकांना शहाणपण सांगतात, तेही एके काळी त्या पायांवर उघडे पडून भोकाड पसरत होते. ती त्यांना रस्त्यात ओळखी. ते तिला ओळखत नसत. तिचे त्यावाचून काही अडले नव्हते.

गाव तिला अक्का म्हणे. शाळेची पायरी ती चढली नव्हती. ज्ञान फक्त पोथीत असते असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा चार दिवसांचे बाळ तेलकट हातांनी उचलून पाहावे, मग बोलावे.

चाळीस वर्षे अक्का नऊवारीचा काष्टा घट्ट मारून सायकलवर घरोघर गेली. पुढे तिच्या अंगठ्यांची पेरे सुजू लागली. तेल लावलेले बाळ मासोळीसारखे निसटते, आणि त्याला रोखतो तो अंगठा. अंगठेच दगा देऊ लागले तेव्हा अक्काने कुरकुर न करता एक शिष्या केली.

शिष्येचे नाव मथुरा. वय सव्वीस, अंग काटक, बोलणे थोडे आणि मान ताठ. बेकरीत पावाच्या लाद्या बांधण्याचे काम सोडून ती आली होती. अक्काने तिला पहिल्याच दिवशी अट सांगितली.

"हे बघ मथे, पाच महिने माझ्याबरोबर फीर. सहाव्या महिन्यात एकटी जा. तेव्हा हाती असतील त्या सगळ्या घरांनी 'ही पोरगी चालेल' म्हटलं, की पुढची सगळी फेरी तुझी. एका घरानं जरी नको म्हटलं, तरी मी दुसरी बघीन. सहा घरांत पास आणि एकात नापास, असं लेकरांच्या बाबतीत चालत नाही."

मथुराने मान हलवली. बेकरीत तिच्या जागी दुसरी बाई लागलीही होती. मागे फिरायला वाट नव्हती.

घरोघर जाण्यासाठी तिने एक जुनी पण धडधाकट सायकल घेतली. सायकल आली तसा प्रश्नही आला, सामान कशात न्यायचे? बदलायचे लुगडे, टॉवेल, साबण, चार बारीकसारीक वस्तू. मथुराने दोन कापडी पिशव्या हँडलला दोहीकडे अडकवल्या आणि निघाली. पहिल्या घराच्या पायरीशी अक्काने तिची दोन्ही मनगटे धरली.

"हे हात आहेत का पाखडायचं सूप? थरथरतायत बघ."

"रस्ता खराब आहे अक्का."

"रस्ता आपल्या बापाचंही ऐकत नाही. हँडल वळायला असतं गं, वाहायला नाही. खड्डा बसतो चाकाला आणि हादरा उरतो मनगटात. त्या मनगटावर तू आता कुणाचं लेकरू घेणार?"

हात स्थिर होईपर्यंत मथुरा पाव तास पायरीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिने पाठीवर अडकवायची पिशवी आणली. हात मोकळे राहिले, पण तीन घरे होईतो पाठ निथळू लागली. अक्काने मागून तिच्या पोलक्याला बोट लावले आणि ते बोट तिच्याच नाकासमोर धरले. "हा घाम उद्या बाळाच्या टाळूवर गळणार. चल, बाबालालकडे."

बाबालाल मिस्त्रीचे दुकान पुलाच्या अलीकडे होते. मथुराची नजर एका चकचकीत, हलक्या कॅरियरवर गेली. अक्काने तो दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला.

"अक्का, कॅरियर आहे तो," बाबालाल म्हणाला, "आंब्याचं झाड नव्हे."

"मग दोनदा हलवल्यावर त्यातून नट का पडला रे?"

बाबालालने हसत नट उचलला आणि आतून दुसरा कॅरियर आणला. काळा, जाड सळ्यांचा, दिसायला अगदी गावंढळ. पण त्याचे दोन्ही पाय थेट मागच्या चाकाच्या आसापर्यंत खाली आलेले होते. अक्काने मथुराचे बोट धरून त्या पायावरून वरपासून खालपर्यंत फिरवले. "हे बघ. ओझं इथून सरळ चाकात उतरतं. तो चकचकीत आहे ना, तो सगळा भार सीटच्या दांडीला लोंबकळवतो. दांडी किती दिवस सोसणार?"

कॅरियर बसला. मथुराने त्यावर एक पत्र्याची पेटी ठेवली आणि ट्यूबच्या पट्टीने आवळली. पुलाच्या वळणावर पेटीने असा झोल दिला की दोघी गुरुशिष्या कठड्याला टेकूनच थांबल्या. ओझे जितके उंच तितके ते वळणावर हट्ट करते, हे मथुराला त्या दिवशी पोटातून कळले. मग पेटी गेली आणि बाबालालने ताडपत्रीची पिशवी शिवून चाकाच्या बाजूला आकड्यांनी टांगली. एकाच बाजूला टांगली म्हणून सायकल कलू लागली. दुसरी शिवली. दोन्ही सारख्या भरल्या तेव्हा सायकल सरळ चालली, पण पॅडल मारताना टाच पिशवीवर आपटू लागली. शेवटी आकडे दोन बोटे मागे सरकवले आणि अक्का म्हणाली, "आता बरी."

इथवर अक्काने तिला हाताला धरून शिकवले. पिशवी कुठे टांगावी, हे ती सांगत राहिली. तीत काय भरावे, याबद्दल मात्र तिने एक शब्द काढला नाही. मथुरालाही ते विचारावेसे वाटले नाही.

त्याला कारण होते. शिकण्याच्या दुसऱ्या महिन्यात एका घरी बाळंतिणीच्या पाठीला तेल कमी पडले. मथुराने स्वयंपाकघराकडे तोंड करून आणखी थोडे मागितले. आतून उत्तर आले, "आणखी? बाळाला लावतेस का स्वतः पितेस?" आतल्या दोघीतिघी हसल्या. मथुराही हसली, पण घरी जाऊन ती जेवली नाही. मानी माणसाला असे बोलणे कुसळासारखे लागते. बाहेरून काही दिसत नाही आणि आत सलत राहते. यापुढे कुणाच्या दारात चमचाभरही काही मागायचे नाही, असे तिने ठरवले.

आणि ताडपत्रीच्या दोन पिशव्या भरू लागल्या. खोबरेल, तिळेल आणि बदामाचे, अशा तेलाच्या तीन बाटल्या. मसुराचे पीठ, डाळीचे पीठ. चार पंचे, सहा दुपटी. तेल गरम करायला छोटी कढली. पाणी तपासायला काचेची नळी, जिचे आकडे तिला औषधाच्या दुकानदाराने वाचून दाखवले होते. मोठी पिशवी रिकामी राहू शकत नाही, तिला आपले पोट भरायचेच असते. आणि जे पिशवीत मावले नाही ते वर चढले. कॅरियरवर तिने बाळाच्या आंघोळीचा निळा प्लॅस्टिकचा टब पालथा बांधला. गल्लीतल्या बायका लांबूनच म्हणू लागल्या, "आली गं टबवाली!" मथुराला त्याचे वाईट वाटले नाही. ती मान आणखी ताठ करून पॅडल मारी. कुणाच्या घरी काही असो वा नसो, हिचे काही अडणार नव्हते.

सहावा महिना लागला. हाती सात घरे होती. सहा घरांतून मथुरा एकटी फिरू लागली आणि सहाही घरे म्हणाली, पोरगी चालेल. सातवे घर पुलापलीकडच्या नव्या वसाहतीत होते. द्वारकाबाईंचे. त्यांच्या सुनेला, सायलीला, मुलगी झाली होती. सायलीला माहेर नव्हते, म्हणून बाळंतपण सासरीच. द्वारकाबाईंचा मुलगा परगावी नोकरीला. घरात या दोघी आणि तिसरी ती तान्ही.

पहिल्या दिवशी मथुरा पोचली तेव्हा द्वारकाबाई दारातच उभ्या होत्या. हातात पितळी वाटी, तिच्यावर झाकण. वाटी कोमट होती.

"तेल काढून ठेवलंय गं," त्या म्हणाल्या.

"नको आजी, माझ्याजवळ आहे सगळं," मथुरा मायेने म्हणाली. "तुम्ही बसा निवांत."

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई जुन्या मऊ धोतराची घडी घेऊन आल्या. मथुराने आपला पंचा दाखवला. "हा ताजा धुतलेला आहे आजी. तुम्ही कशाला त्रास घेता?" तिसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याच्या बादलीत कोपर बुडवून पाहिले. मथुराने हसून काचेची नळी काढली. "कोपराचा काय भरवसा आजी? ह्यात बरोब्बर कळतं. तुम्ही बसा." चौथ्या दिवशी द्वारकाबाई उठल्याच नाहीत. खिडकीशी बसून त्या तांदूळ निवडत राहिल्या. पाचव्या दिवशीही.

सहाव्या दिवशी काम आटोपून मथुरा पिशव्यांचे आकडे अडकवत होती, तेव्हा द्वारकाबाई पायरीवर आल्या.

"पोरी, तुझ्या कामात खोट नाही," त्या म्हणाल्या. "पण उद्यापासून येऊ नकोस. अक्काला तसं सांग."

दार लागले. मथुरा सायकल धरून उभी राहिली. पूल ओलांडेपर्यंत तिला सीटवर बसण्याचे भान राहिले नाही, ती सायकल ढकलतच आली. काय चुकले? उशीर एकदाही नाही. नखे कापलेली, हात धुतलेले. बाळ रडले नाही, निसटले नाही. तिने मनातल्या मनात दोन्ही पिशव्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि एकाच निष्कर्षाला आली. काहीतरी कमी पडले असणार.

अक्का अंगणात अंगठे कोमट पाण्यात बुडवून बसली होती. मथुराने सगळे सांगितले आणि शेवटी घाईने म्हणाली, "अक्का, पुढच्या चाकावरही एक कॅरियर बसवून घेते. बाबालाल करून देतो म्हणाला होता. त्यावर शेगडी मावेल, कोळसेही मावतील. शेकायचं सामान माझं नसतं, तेवढंच राहिलंय."

अक्काने अंगठे पाण्यातून बाहेर काढले.

"शेगडी," ती म्हणाली. "आणि मग न्हाणीघर कधी बांधून घेणार आहेस त्या सायकलवर?"

मथुराच्या डोळ्यांत पाणी आले. अक्काचा आवाज उतरला. "उद्या पिशव्या भरून आण. मी येते तुझ्याबरोबर. बघू, सातवं घर काय म्हणतंय ते."

सकाळी मथुरा भरलेल्या पिशव्या घेऊन हजर झाली. अक्काने दोन्ही पिशव्या आकड्यांतून काढल्या आणि आपल्या ओसरीवर ठेवल्या. टब सोडवून पिशव्यांवर पालथा घातला. दोघींची बदलायची लुगडी, साबणाची वडी आणि एक पंचा एवढे एका फडक्यात बांधले, ते गाठोडे मांडीवर घेतले आणि एका बाजूला दोन्ही पाय सोडून ती कॅरियरवर बसली.

"अक्का, तेल?"

"मार पॅडल."

"दुपटी तरी..."

"मथे, अंगठे दुखतायत, जीभ नाही दुखत. बोलायला लावू नकोस."

दार सायलीने उघडले. द्वारकाबाई आत खिडकीशी होत्या. काल निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. अक्काने मोरीत कोपरापर्यंत हात धुतले, लुगडे बदलले, पाटावर बसून पाय लांब केले आणि बाळाला पायांवर घेतले. अंगावरचे टोपडे-झबले उतरवले. मग एकदम कपाळाला हात लावून ती म्हणाली, "अगं बाई! तेल विसरले."

मथुरा भिंतीला टेकली. एकदा पंचा विसरला म्हणून ह्याच बाईने तिला भर उन्हात तीन मैल परत पिटाळले होते.

"द्वारकाबाई," अक्काने हाक दिली, "तुमच्याकडे चमचाभर तेल असेल का हो?"

"आहे की," खिडकीतून आवाज आला. "पण आमचं आपलं जुन्या तऱ्हेचं. तुमच्या शिष्येकडे तीन-तीन बाटल्या असतात. एक तर बदामाच्या तेलाची, आमच्यासारख्यांनी नावही घेऊ नये असली."

"शिष्येचं शिष्येपाशी. माझ्याकडे थेंब नाही, आणि तुमची नात उघडी पडलीय. बघा बाई काय करता ते."

तांदळाचे ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग पावले. स्वयंपाकघरात डब्याचे झाकण निघाले, गॅस पेटला. द्वारकाबाई आल्या तेव्हा त्यांच्या हातात तीच पितळी वाटी होती आणि घरभर ताज्या खोबऱ्याचा वास सुटला होता.

"घरी काढलंय," त्या म्हणाल्या. म्हणाल्या अक्काला, पण नजर वाटीत होती. "सायलीला पाचवा लागला तेव्हापासून. रोज एक नारळ वाटायचा, पिळायचा आणि मंद आचेवर आटवत बसायचं. घाई केली की करपतं."

अक्काने बोट बुडवले, दोन बोटांत चोळले, नाकाशी नेले. "असं तेल ह्या गावात कितीतरी वर्षांत बघितलं नाही," ती म्हणाली, आणि ते मात्र खरे होते, हे मथुराला तिच्या चेहऱ्यावरून कळले. "तुम्हीच भरा टाळू. पहिलं बोट आजीचं."

द्वारकाबाईंचा हात वाटीपाशी थबकला. मग त्यांनी बाळाच्या टाळूवर तेल ठेवले. ठेवले म्हणजे काय, जणू झोपलेल्या पाखरावर बोट टेकवले.

पुढे सगळे सुरूच झाले. दुपटी विसरली होती, ती द्वारकाबाईंनी काढली. धोतराचे मऊ फडके आले. पाण्याची बादली आली. "माझे अंगठे गेले हो," अक्का म्हणाली. "तांब्या तुम्ही धरा." द्वारकाबाईंनी पाण्यात कोपर बुडवले, क्षणभर मथुराकडे पाहिले, आणि मथुराने मान खाली घातली. पाणी पडू लागले. "घाबरू नको गं चिमणे, पाणी आहे ते, आजीनं तापवलंय," अशी त्यांची जी बडबड लागली ती थांबेना. सहा दिवस त्या घरात त्यांचा एवढा आवाज मथुराने ऐकला नव्हता. मध्येच बाळाने अक्काच्या नेसत्या लुगड्यावर आपला प्रसाद दिला.

"आजीवर गेलीय," अक्का म्हणाली. "पाहुण्यांना रिकाम्या हाती पाठवत नाही."

द्वारकाबाई हसल्या. दारात उभी असलेली सायली आधी दचकली, मग तीही हसू लागली, आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला.

चहा घेऊन दोघी निघाल्या. अक्का कॅरियरवर बसायला तयार होईना, चालू या म्हणाली. मथुरा सायकल हातात धरून चालू लागली. पूल येईपर्यंत तिने दम धरला.

"अक्का, तुम्ही खोटं बोललात. विसरलात कुठं? मुद्दाम ठेवून आलात."

"खोटं तर खोटं. बाळाच्या कानात तर नाही ना सांगितलं?"

"पण का? त्यांचंच तेल लावायला हवं होतं तर त्या तसं म्हणाल्या असत्या. मी त्यांना त्रास नको म्हणून सगळं माझं नेत होते. मायेनंच नेत होते."

अक्का कठड्याला टेकून उभी राहिली. बोलताना तिचा आवाज कडक नव्हता.

"माया होती, म्हणून तर मला यावं लागलं. माया नसती तर तुला पहिल्याच महिन्यात परत पाठवलं असतं. ऐक. त्या घरात तीन जणी नव्यानं जन्माला आल्यात. एक ती पोर, ती रडली की सगळे धावतात. दुसरी आई, तिच्याकडे दूध आहे. तिसरी आजी. तिच्याकडे काय आहे? एक तेलाची वाटी. चार महिने चुलीपुढे बसून तिनं तेवढंच कमावलं. ती रोज सकाळी तेल कोमट करत होती, आणि तू रोज म्हणत होतीस, बसा निवांत. माणसाला म्हातारं करायचं असेल ना, तर ह्याहून सोपा उपाय नाही."

मथुराला झाकण घातलेली वाटी आठवली. त्या वाटीतले तेल रोज दुपारी परत डब्यात ओतले जात असेल, हे तिच्या मनात प्रथमच आले.

"तुला मागायला लाज वाटते," अक्का म्हणाली. "एका घरानं चमचाभर तेलावरून तुला टोचलं, ते मला माहीत आहे. मी बाहेर ओसरीवरच होते. पण त्यांच्या बोलण्याची शिक्षा तू सगळ्या घरांना देऊ लागलीस. कुणाकडून काही घ्यायचं नाही, असं ठरवून निघालेला माणूस दारातूनच परत येतो, मग भले तो आत जाऊन बसलेला दिसो. तू मला विचारलंस, कॅरियर कुठला, पिशवी कुठली, ती टांगू कुठं. ते सगळं मी सांगितलं. पिशवी केवढी असावी, ते कधी विचारलं नाहीस."

"केवढी असावी?"

"आपल्याला लागेल ते आपल्या पिशवीत. लेकराला लागेल ते लेकराच्या घरात. तेवढी."

मथुरा मुळात हुशार मुलगी होती, ऐकले आणि मान हलवली अशातली नव्हती. "आणि घरातच तेल नसेल तर?" तिने विचारले. "असतात तशी घरं. मी पाहिलीत."

अक्काने इकडेतिकडे पाहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ती ओशाळलेली मथुराला दिसली.

"मग नेते," ती म्हणाली. "छोटी बाटली असते माझ्या कनवटीला. घरातली माणसं उठून कामाला लागायच्या आत त्यांच्याच बाटलीत ओतून ठेवते. आणि मग मोठ्यानं ओरडते, 'तेल आणा गं तुमचं!'"

कुंभारगल्लीतल्या एका घराची मथुराला आठवण झाली. तिथली तेलाची बाटली महिनाभर एकाच रेघेवर कशी उभी राहते, याचे तिला तेव्हा नवल वाटले होते. त्या घरची सासू अभिमानाने सांगत असे, "आमच्यात बाळाच्या तेलाला कधी हात आखडला नाही."

मथुरा अक्काला घरी घेऊन आली. दुपारी तिने ओसरीवरच्या दोन्ही पिशव्या रिकाम्या केल्या आणि बाबालालच्या पुढ्यात नेऊन टाकल्या. "ह्या निम्म्या कापून द्या," ती म्हणाली.

बाबालालने चष्मा कपाळावर चढवला. "लोक वाढवून घेतात बाई. कापून मागणारी तू पहिलीच."

"एकीत कोरडं लुगडं आणि साबण. दुसरीत येताना ओलं लुगडं. एवढंच मावू दे."

"आणि टब?"

"टबात तुम्ही पंक्चर बघा."

दुसऱ्या दिवशी अक्का सोबत आली नाही. "घर तुझं, उत्तर तुझं," एवढेच म्हणाली. मथुरा एकटी निघाली. पिशव्या इतक्या हलक्या होत्या की पुलाचा चढ तिला जाणवलाही नाही. वसाहतीच्या वळणावर तिला दिसले, द्वारकाबाई फाटकापर्यंत आल्या होत्या. डोळ्यांवर हात धरून रस्ता न्याहाळत होत्या. मथुरा उतरली. द्वारकाबाईंची नजर आधी कॅरियरवर गेली, मग त्या छोट्या पिशव्यांवर.

"तेल आणलंस का?" त्यांनी विचारले.

चार महिन्यांत न उच्चारलेला शब्द मथुराला उच्चारायचा होता, आणि तो उच्चारताना मान थोडी वाकली. "नाही आजी. द्याल का?"

द्वारकाबाईंनी फाटक पूर्ण उघडले. "सायकल आतच घे," त्या म्हणाल्या. "उन्हात सीट तापते. आणि उद्या जरा लवकर ये गं. पाणी आधीच ठेवते मी."

फेरी मथुराची झाली. तुम्हीआम्हीही कुणाकुणाच्या दारात जातो, म्हाताऱ्या आईच्या, सासूच्या, शेजारणीच्या, आणि मोठ्या मायेने सगळे आपलेच घेऊन जातो. कधीतरी थोडे विसरून जावे.